गणपती मंडळ दहा दिवसांवरून बारा महिन्यांवर कसं न्यायचं: छोट्या गावात पर्यावरणाचं काम करणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावात पर्यावरणाचं काही करायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो नवीन संस्था काढायचा. मग लोगो, लेटरहेड, रजिस्ट्रेशनची धावपळ, आणि पावसाळा संपेपर्यंत सगळं थंड. माझं सरळ म्हणणं आहे की नवीन काही काढू नका. तुमच्या गल्लीत गणपती मंडळ आहे ना, त्याच्याकडे सगळं आधीच तयार आहे. अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, पावतीपुस्तक आहे, रात्री उशिरा हाक मारली तरी येणारी पोरं आहेत, कुणाचा तरी छोटा हत्ती टेम्पो आहे, मांडववाल्याची आणि नगरपरिषदेतल्या माणसांची ओळख आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गल्लीतली माणसं दरवर्षी वर्गणी देतात, म्हणजे मंडळावर त्यांचा भरवसा आहे. नवीन संस्थेला हा भरवसा कमवायला पाच-सात वर्षं जातात. तो दहा दिवस वापरून उरलेलं वर्षभर कपाटात ठेवायचा याला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. पर्यावरणाचं काम म्हणजे कार्यक्रम नाही, राखण आहे. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, झाड लावणं सोपं असतं, त्याच झाडाला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी कोण घालणार हे जूनच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. जे काम उन्हाळा पार करू शकत नाही ते हातात घेऊच नका.

सुरुवात एका जागेपासून

मंडळाची मीटिंग बोलवा आणि गावात फिरून एकच जागा निवडा. नदीचा घाट, जुनी बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, शाळेचं पटांगण, स्मशानभूमी, बस स्टँडमागचा कोपरा, काहीही चालेल, पण एकच. अख्खं गाव स्वच्छ करायचा ठराव केलात तर काहीच होणार नाही. कोकणात मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव बघा, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांचं काम सुरू केलं, काम काय तर किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी शोधायची, अंडी सुरक्षित ठिकाणी हलवायची, पिल्लं बाहेर आली की समुद्रात सोडायची. गावातल्या लोकांनीच ते पुढे अंगावर घेतलं, आता तिथे कासव महोत्सव होतो, लोक लांबून येतात, गावातल्या घरांतच राहतात-जेवतात आणि गावाला चार पैसे मिळतात. एक किनारा, एक प्राणी, आणि वर्षानुवर्षं तेच काम, एवढ्यावर ते गाव महाराष्ट्रभर माहीत झालं.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. एक, ती कुणाच्या मालकीची आहे, म्हणजे नगरपरिषदेची, सार्वजनिक बांधकाम खात्याची, पाटबंधारेची, देवस्थानची की खासगी. हे न बघता काम सुरू केलं आणि वर्षभराने रस्ता रुंद करायला जेसीबी आला की पोरांचं मन कायमचं उठतं. दोन, पाणी जवळ आहे का. आणि तीन, मंडळातला कुणीतरी रोज तिथून जातो का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण रोज नजर असली की बिघडलेलं लगेच कळतं, गाय आत शिरली, नळ तुटला, कुणी रात्री राडारोडा टाकून गेलं, हे सगळं त्याच दिवशी ग्रुपवर येतं.

मग नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना साधं एक पानी पत्र द्या, ग्रामपंचायत असेल तर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच. पत्रात मागणी कमी आणि आपण काय करणार ते जास्त लिहा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत फाईलला ठेवा. पत्रात माझी वसुंधरा अभियानाचा उल्लेख जरूर करा. राज्य सरकारचं हे अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू झालं, भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात, त्यामुळे तुमचं काम नगरपरिषदेलाही दाखवायला उपयोगी पडतं आणि साहेब लोक जरा लवकर सही करतात.

पैशाचं आधी नीट करा

मंडळ रजिस्टर असो वा नसो, वर्गणीचे नियम असतातच. रजिस्टर नसेल तर लोकांकडून पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, गणपतीच्या वेळी बरीच मंडळं ती काढतातच, पण ती उत्सवापुरती असते हे लक्षात ठेवा. वर्षभर काम करायचं तर सात जण मिळून रीतसर नोंदणी करून घेतलेली बरी, पण तोपर्यंत काम थांबवायची गरज नाही, सुरुवातीच्या कामाला पैसा फारसा लागतच नाही. फावडी, घमेली, खराटे, रबरी हातमोजे, गमबूट, एक लटकवायचा वजनकाटा. यातलं निम्मं तर गल्लीतच कुणाकुणाच्या घरी पडलेलं असतं.

गणपतीचा हिशोब आणि या कामाचा हिशोब वेगळ्या वह्यांत ठेवा. महिन्याच्या शेवटी वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाका, भंगार विकून आलेले दोनशे रुपयेसुद्धा. लोक पैशाच्या रकमेवरून भांडत नाहीत, लपवाछपवीवरून भांडतात.

आणि बॅनर लावू नका. मी हे अगदी मनापासून सांगतोय. कार्यक्रमाचा फ्लेक्स हाच आधी कचरा आहे, वर त्यावर कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा छोटा यावरून मंडळ फुटतं, आणि नगरपरिषदेची निवडणूक जवळ असली तर विचारूच नका. सगळ्या पक्षांची माणसं खराटा घेऊन येऊ देत, स्वागत आहे, पण जागेवर कुणाचंच नाव नको. अगदीच लागलं तर जुन्या साडीवर किंवा चादरीवर रंगाने मंडळाचं नाव लिहा, ते दरवर्षी वापरता येतं.

सफाईची पद्धत

रविवारी सकाळी सात ते नऊ, दोन तास, त्याच्यावर एक मिनिट नाही. लोकांना घरी कामं असतात, शेतावर जायचं असतं, बायकांना स्वयंपाक असतो, वेळेत सोडलं तर पुढच्या रविवारी परत येतात. शेवटी चहा-पोहे, स्टीलच्या ताटल्यांत, मंडळाकडे महाप्रसादाची भांडी असतातच.

सफाईच्या आधी एक गोष्ट पक्की करा ती म्हणजे गोळा केलेला कचरा जाणार कुठे. आरोग्य निरीक्षकांशी बोलून त्या दिवशी घंटागाडी किंवा ट्रॅक्टर साडेआठला जागेवर येईल असं ठरवून घ्या, त्यांच्या कर्मचाऱ्यांनाही पोहे द्या, त्यांना सगळं माहीत असतं, कुठला कोपरा कोण घाण करतं, कुठल्या गटाराला उतार नाही, ही माहिती तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. गाडी न ठरवता सफाई केली की गोण्या तिथेच पडून राहतात, रात्री कुत्री फाडतात आणि मग कुणीतरी शहाणा काडी लावतो. कचरा जाळायचा नाही, पालापाचोळासुद्धा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक ठेवा.

वेगळं करायचं ते जागेवरच. प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा आणि उरलेलं, एवढे ढीग पुरेत. बाटल्या आणि पत्रा भंगारवाला घेतो, गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं कुणी घेत नाही, ती गोण्यात भरून वजन करून नगरपरिषदेला द्या. वजन लिहून ठेवा कारण पुढे दुकानदारांशी आणि नगरपरिषदेशी बोलताना हाच आकडा बोलतो. फुटकी काच आणि सुया दिसल्या तर हाताने उचलू नका, चिमटा आणि पत्र्याचा डबा ठेवा. मोठ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका, कोकणात तर अजिबातच नाही, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा धोका असतो. लहान मुलांना पाण्याजवळ काम देऊ नका, त्यांना वजनाची वही द्या, ती फार मनापासून लिहितात.

आता खरी गोष्ट. जागा स्वच्छ झाली की काही दिवसांत परत घाण होते, आणि इथेच बहुतेक मंडळं हार मानतात, "लोकच सुधारत नाहीत" म्हणून सोडून देतात. लोकांना नावं ठेवू नका, तिथे पडलेला कचरा नीट बघा म्हणजे तो कुठून येतो ते कळतं. चिकनच्या दुकानाची पिसं आहेत, भेळेच्या गाडीच्या प्लेटा आहेत, की सकाळी लवकर कामाला जाणाऱ्या घरांतल्या पिशव्या आहेत? शेवटचं असेल तर अर्थ असा की घंटागाडी त्या आळीत येते तेव्हा ती माणसं घरी नसतात, आणि याच्यावर उपाय भाषण नाही, गाडीची वेळ बदलणं हा उपाय आहे. ते काम मंडळ पत्र देऊन करून घेऊ शकतं. गाडीवाल्या भेळवाल्याला जाऊन भेटा, त्याला डबा द्या, रोज संध्याकाळी कोण उचलणार ते ठरवा. आणि मोकळ्या झालेल्या कोपऱ्यावर आळीतल्या बायकांना रांगोळी काढायला सांगा, चार कुंड्या ठेवा, हे साधं वाटतं पण चालतं, रांगोळीवर कचरा टाकायला हात धजावत नाही.

सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला डोळ्यांपुढे ठेवा. एवढंसं गाव, पण घरातच कचरा वेगळा करायची सवय लागली, ओल्या कचऱ्यावर बायोगॅस चालला, आणि जिथे पूर्वी डंपिंग ग्राउंड होतं ती जागा बाहेरगावचे लोक बघायला यायला लागले. ते काम नगरपरिषदेने केलं, पण दारोदारची सवय लागते ती शेजाऱ्याने सांगितल्यावर, आणि शेजारी म्हणजेच मंडळ.

गणपती: इथे मंडळाचा शब्द चालतो

वर्षातलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि तयारी श्रावणात नाही, चैत्र-वैशाखात करायची. मूर्तिकाराला शाडूची मूर्ती हवी असेल तर उन्हाळ्यातच सांगावं लागतं, शाडू वाळायला वेळ लागतो, पावसात तर फारच. ऐन वेळी गेलात तर प्लास्टरचीच मिळणार, त्यात मूर्तिकाराचा काही दोष नाही. गल्लीतल्या घरांची यादी करा, कुणाला किती उंचीची हवी ते लिहा, थोडी आगाऊ रक्कम घ्या आणि एकदम ऑर्डर द्या, भाव बरा पडतो आणि मूर्तिकारालाही भरवसा येतो. शाडूची मूर्ती जड आणि नाजूक असते, घरची मूर्ती फूटभराच्या आत ठेवा.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेत, नंतर कोर्टातही बरंच काही चालू राहिलं, त्यामुळे त्या-त्या वर्षी नगरपरिषदेची आणि जिल्हाधिकाऱ्यांची सूचना काय आहे ती जुलैतच वाचून मांडवात लावा. थर्माकोलच्या मखराचं मात्र स्पष्ट आहे, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे, स्ट्रॉ हेही त्यातच येतं. महाप्रसादाला पत्रावळी घेताना उलटून बघा, वरून पानाची आणि आतून प्लास्टिकचा पातळ थर असलेली खूप येते, ती कुजत नाही. पळसाच्या नाहीतर सुपारीच्या पानाची घ्या, किंवा ताटं धुवा.

कुणाच्या घरी प्लास्टरची मूर्ती आलीच असेल तर त्याला टोचून बोलू नका, त्याला मार्ग द्या. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, एक सोपी पद्धत काढली आहे. मूर्ती बुडेल एवढ्या बादलीत पाणी घ्यायचं, मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट त्यात विरघळवायचं, हे बेकरीवाले वापरतात तेच, मूर्ती ठेवायची आणि मधूनमधून ढवळत राहायचं. छोटी मूर्ती साधारण दोन दिवसांत विरघळते. वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच, भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं, आणि खाली बसते ती चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बादली उघड्या हवेत ठेवा कारण अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो, मुलांना लांब ठेवा, आणि मूर्तीवरचे दागिने, कापड, मोत्यांच्या माळा आधी उतरवून घ्या. मंडळाने पावडर एकत्र आणून घरोघर वाटली तर लोक करून बघतात.

शाडूची मूर्ती घरच्या बादलीत सहज विरते. तिची माती फेकू नका, सुकवून गोणीत भरा आणि मूर्तिकाराला परत द्या, पुढच्या वर्षी तीच वापरता येते. पुण्यात पुनरावर्तन नावाचा उपक्रम हेच करतो. शाडू काही आपल्या मागच्या डोंगरात मिळत नाही, बरीचशी गुजरातेतून येते, ती दरवर्षी खणून आणायची आणि नदीत सोडून द्यायची हे काही बरोबर नाही.

घाटावर मात्र वागण्याची पद्धत सांभाळा. हौद केला, किंवा मोठा खड्डा करून जाड ताडपत्री अंथरली, तर तो कुठल्यातरी कोपऱ्यात अंधारात नको. घाटावरच, चांगला उजेड, स्वच्छ टेबल, वर पांढरं कापड, आरतीला जागा, पाट, निरांजन लावायला आडोसा. घरचा माणूस दहा दिवस ज्याची पूजा करतो त्याला निरोप देताना त्याचा गळा दाटलेला असतो, त्या वेळी कुणी पोरगा हातातून मूर्ती ओढायला आला तर तो आयुष्यभर तुमच्या विरोधात जाणार. आधी नमस्कार करा, आरती होऊ द्या, मग विचारा, काका, इथे हौदात करता का? नाही म्हणाले तर नदीकडे वाट दाखवा, फक्त निर्माल्य इथे ठेवा म्हणा. बहुतेक जण निर्माल्य देतातच, आणि पुढच्या वर्षी निम्मे जण मूर्तीही देतात. कोल्हापुरात पंचगंगेवर मूर्तीदान आणि निर्माल्यदान असंच हळूहळू रुजलं, तिथे दान आलेल्या मूर्ती इराणी खण नावाच्या पाणी साचलेल्या जुन्या खाणीत विसर्जित करतात. गावातल्या गुरवांना, भटजींना आणि एखाद्या वारकरी आजोबांना टेबलाशी खुर्ची टाकून बसवा, त्यांचा एक शब्द आपल्या शंभर पोस्टरांपेक्षा जास्त चालतो. दीड दिवस, पाच दिवस, गौरींबरोबरचे आणि अनंत चतुर्दशी, चारही दिवशी टेबल पाहिजे, फक्त शेवटच्या दिवशी नको.

निर्माल्याचं खत

हे नीट करा, कारण इथे घोळ झाला आणि वास सुटला की सगळ्या गावाला कळतं. घाटावरच चार डबे ठेवा: फुलं-पानं-दुर्वा, नारळ आणि फळं, कापड-दोरे-सजावट, आणि चौथा डबा तसबिरी, जुने देव, पोथ्या यांच्यासाठी, कारण निर्माल्याबरोबर हे येतंच येतं. चौथ्या डब्यातल्या वस्तू लोकांसमोर कचऱ्यासारख्या हाताळू नका, कापडावर ठेवा, फ्रेमची काच आणि खिळे मागे नेऊन वेगळे करा.

हारांतला दोरा काढायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, नायलॉनचा असेल तर तो खतात वर्षानुवर्षं तसाच राहतो. संध्याकाळी शाळेतली मुलं, महिला बचत गट, आजी-आजोबा सगळे गोल बसून हे काम गप्पा मारत करतात, आणि मला हा त्या दिवसांतला सगळ्यात छान भाग वाटतो. तारा, टाचण्या, चमकी, प्लास्टिकची फुलं बाहेर काढा.

मग खड्डा किंवा विटांचा हौद, तीन फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल, लांबी जागेप्रमाणे, पाणी साचणार नाही अशा उंच जागी. तळाशी काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर वीतभर फुलांचा थर, त्यावर तेवढाच सुक्या पाल्याचा, वर शेणकाला म्हणजे शेण कालवलेलं पाणी शिंपडा आणि मूठभर माती, असं करत वर या. झेंडू आणि शेवंती लवकर कुजते, दुर्वा आणि केवडा चिवट असतो, कोयत्याने बारीक करा. पाऊस असतोच तेव्हा, वरून पत्रा किंवा ताडपत्री झाका. आठवड्याला एकदा खालवर करा आणि मूठभर हातात घेऊन दाबून बघा, बोटांतून पाणी टपकलं तर जास्त ओलं, सुका पाला मिसळा, मुठीत गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडा. वास आला तर शंभरातल्या नव्वद वेळा ओलच जास्त झालेली असते, आणि गणपतीत सुका पाला मिळत नाही, म्हणून तो मार्च-एप्रिलमध्येच गोण्यांत भरून ठेवायचा, जो एरवी लोक जाळतात तोच. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या मातीच्या वासाचं खत तयार होतं. चाळून पिशव्या भरा आणि ज्यांनी निर्माल्य दिलं त्यांच्या घरी तुळशीसाठी नेऊन द्या. पुढच्या वर्षी ते स्वतः दोरा काढून आणतात.

झाडं: कमी लावा

दहा झाडं लावा आणि दहा जगवा. किती लावायची हे नर्सरीतल्या रोपांवरून ठरवू नका, मे महिन्यात किती घागरी पाणी घालू शकता त्यावरून ठरवा. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत एका रोपाला आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा लिटर पाणी लागतं, असं किमान दोन उन्हाळे, मराठवाड्यात नाहीतर विदर्भात असाल तर तीन धरा. प्रत्येक झाडाला एक घर नेमून द्या, नाव लिहा.

जागा म्हणून शाळा आणि स्मशानभूमी मला उत्तम वाटतात, भिंत असते, नळ असतो, शेळ्या आत येत नाहीत. रस्त्याकडेला लावायचं तर वर बघा, महावितरणच्या तारा असतील तर तिथे उंच वाढणारं झाड लावू नका, चार वर्षांनी ते वरून तोडलं जाणारच. अरुंद गल्लीत वड-पिंपळ नको, ते नदीकाठी, गावठाणाच्या कडेला, तळ्यापाशी. कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा, कांचन, आपटा, बकुळ, उंबर, अर्जुन, आणि आपलं राज्यफूल ज्याचं आहे ते ताम्हण, ही आपली झाडं लावा, पक्षी-फुलपाखरं त्यांच्यावर येतात. गिरीपुष्प आणि सुबाभूळ लवकर हिरवं दिसतं म्हणून लावतात, लावू नका. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत रोपं स्वस्तात मिळतात, मेच्या आधीच मागणी नोंदवा आणि चार-पाच फुटांची मागा, वीतभर रोप गवतात हरवतं.

खड्डे मेमध्ये खणा, दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल, उन्हाने माती तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावा. काळी पिशवी फाडून काढा आणि त्या सगळ्या पिशव्या मोजून परत आणा, लावलेल्या झाडांच्या भोवती त्याच पडलेल्या दिसतात हे बघून वाईट वाटतं. बुंध्याशी आळं करा, वर पाल्याचा जाड थर द्या, बांबूचा आधार आणि काटेरी फांद्यांचं कुंपण.

आणि एक विनंती, गावाबाहेरच्या माळावर झाडं लावायला जाऊ नका. तो उजाड दिसतो पण उजाड नसतो, गवताळ माळरानावर चंडोल, धाविक, टिटव्या जमिनीवर घरटी करतात, लांडगा आणि खोकड तिथेच राहतात, आणि धनगरांची मेंढरं त्याच गवतावर जगतात. तिथे रांगेने झाडं लावली की त्या सगळ्यांची जागा जाते. त्या माळाला वणव्यापासून सांभाळा, एवढं पुरे.

बाकीचे महिने

दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडू नका, मंडळाने आपट्याची रोपं वाटा. नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख डॉ. सलीम अलींचा. सकाळी तळ्यावर मुलांना घेऊन जा, एक दुर्बीण पुरते, वहीत यादी करा, दरवर्षी त्याच तळ्यावर, म्हणजे काही वर्षांनी फरक दिसायला लागतो. संक्रांतीनंतरच्या रविवारी झाडांत आणि तारांत अडकलेला मांजा काढा, तारांतला मात्र महावितरणच्या माणसाकडूनच. झाडांना ठोकलेले खिळे आणि जाहिरातीच्या पाट्या पक्कडीने काढणं हेही फावल्या वेळेतलं चांगलं काम आहे, दहावीच्या पोरांना ते फार आवडतं. होळी सगळ्या आळ्यांची मिळून एकच, गोवऱ्यांची. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मातीची भांडी ठेवा पण दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला, नाहीतर डास होतात.

बारव असेल तर काम मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना. आधी वरची झुडपं, आणि भिंतीतले वड-पिंपळ उपटून काढू नका, दगड सुटतात, बुंध्यातून कापा आणि जाणकार माणसाला विचारा. खाली उतरण्याआधी हवा खेळती आहे का ते पाहा, जुन्या खोल विहिरीत घुसमट होऊन माणसं गेली आहेत. दोर, दोन माणसं वर, आणि पाण्यात उतरणारा पट्टीचा पोहणाराच. कोरीव दगड आणि मूर्ती सापडल्या तर हलवू नका, फोटो काढून तहसीलदारांना कळवा, आणि शेंदूर किंवा ऑइल पेंट तर अजिबात लावू नका.

पुढच्या कार्यकारिणीकडे देताना

मंडळात दर एक-दोन वर्षांनी अध्यक्ष बदलतो, आणि काम तिथेच तुटतं. म्हणून या कामाला अध्यक्षाशी न जोडता दोन माणसं वेगळी नेमा, एक अनुभवी आणि एक विशीतला, आणि त्यांना किमान तीन वर्षं ठेवा. त्या दोघांत एखादी मुलगी किंवा वहिनी असली तर फारच चांगलं, घराघरात कचऱ्याचं आणि निर्माल्याचं बोलणं त्यांच्यामुळेच पुढे जातं. एका जाड वहीत सगळं लिहून ठेवा, कुठल्या झाडाला कुठलं घर, स्मशानभूमीच्या नळाची किल्ली कुणाकडे, ट्रॅक्टर ड्रायव्हरचा नंबर, मूर्तिकाराला किती आगाऊ दिले, सुक्या पाल्याच्या गोण्या कुणाच्या गोठ्यात ठेवल्यात, शेणकाला कोण देतं. गणपतीची मीटिंग लागते त्याच दिवशी ही वही सगळ्यांसमोर वाचायची, मागच्या वर्षीची मेलेली झाडंसुद्धा वाचायची आणि त्यांच्या जागी यंदा कोण पाणी घालणार त्याचं नाव तिथेच लिहायचं.